कोरडी लुंगी

सयाले : परत सांग. मन एकदाही भटकलं नाही?

थिडा : नाही, सयाले.

सयाले : सकाळच्या घंटेपासून जेवणाच्या घंटेपर्यंत?

थिडा : मधे चालण्याचं ध्यान होतं. तेव्हा मुंगी चावली. ‘चावतंय, चावतंय’ अशी नोंद केली.

सयाले : मुंगी राहू दे. बसलेली असताना?

थिडा : पोट फुगलं की ‘फुगतंय’ म्हटलं. खाली गेलं की ‘बसतंय’ म्हटलं. दुसरं काही नाही.

सयाले : वा! डोक्यावरचे केस उतरवून माझं निम्मं आयुष्य गेलं, आणि माझं मन आज दुपारी दुधीच्या भज्यांकडे जाऊन आलं. ते पण दोनदा. तुझ्याकडेच शिकवणी लावायला हवी.

थिडा : चेष्टा करता, सयाले.

सयाले : मी कुठली चेष्टा करतेय? तुमच्या खोलीतल्या बायका तुझ्या उशाशी फुलं ठेवायला लागल्यात म्हणे. ‘मा थिडाला समाधी लागली.’

थिडा : मी नको म्हटलं त्यांना.

सयाले : लॉटरीचा आकडा मागितला का कुणी?

थिडा : मा ओननं. ‘डोळे मिटल्यावर काय दिसतं ते नुसतं सांग, आकडा मी काढते,’ म्हणाली.

सयाले : मग? काय दिसतं म्हणालीस?

थिडा : काही दिसत नाही म्हटलं.

सयाले : आणि मलाही तेच सांगणार.

(पाण्याच्या सणाचे दिवस. खाली मौलमीन शहराच्या रस्त्यांवर ढोल, बादल्या आणि पिचकाऱ्यांचा नुसता धुडगूस. वर टेकडीवरच्या ध्यानकेंद्रात तपकिरी लुंग्या नेसलेल्या बायका एकेक पाऊल जपून टाकत चालताहेत, इतक्या सावकाश की त्यांची सावली त्यांच्याआधी पोचते. थिडा ही किनाऱ्यावरच्या गावातल्या कोळ्याची बायको. सासूनं, डो म्यानं, तिला नव्या वर्षाच्या सकाळपर्यंत इथं आणून सोडलंय. सयाले म्हणजे इथल्या संन्यासिनी; गुलाबी चीवर, गुळगुळीत डोकं आणि फार काही सुटत नाही अशी नजर. रोज दुपारी प्रत्येकीनं त्यांच्यासमोर बसायचं आणि आपलं मन कुठं कुठं जाऊन आलं ते सांगायचं, असा इथला शिरस्ता. थिडा खोटं सांगतेय, आणि बिचारीला त्याची सवय नाही.)

सयाले : हात दाखव तुझे. असे मांडीत ठेवायला सांगितलेत ना, एकावर एक, गप्प?

थिडा : तसेच ठेवते.

सयाले : ठेवतेस, पण ते राहत नाहीत. आज मी तुझ्या समोरच बसले होते. तुझा डावा हात जरासा उचलतो, वळसा घेतो, ओढतो. पुन्हा उचलतो, वळसा, ओढ. आणि तू हसत होतीस. पोट फुगलं म्हणून कुणी हसत नाही बाई. मी रागावत नाहीये. काय करत होतीस?

थिडा : जाळं सांधत होते.

सयाले : कुठं?

थिडा : घरी. म्हणजे घराखाली, खांबांच्या मधे. तिथं दुपारची सावली असते.

सयाले : एकटीच?

थिडा : नाही. तो असतो.

सयाले : तो म्हणजे तुझा नवरा. ज्याची होडी…

थिडा : आली नाही. हो. को न्यो.

सयाले : सांग मग. घाई नको.

थिडा : डोळे मिटते. पोट फुगतं, बसतं. फुगतं, बसतं. मग ते पोट राहत नाही, सयाले, खाडीचं पाणी होतं. पाणी वर येतं, खाली जातं. मग मी आमच्या घराच्या पायऱ्या उतरते. तिसरी पायरी कुरकुरते, ती इथंही कुरकुरते. खाली तो बसलेला असतो, जाळं मांडीवर घेऊन. माझ्यासाठी दुसरं टोक ठेवलेलं असतं. मी बसते, धरते. काही बोलत नाही आम्ही. भरतीचं पाणी खांबांशी चुळुकचुळुक करत असतं. एक कोंबडी पिल्लं घेऊन जाते. बस, एवढंच. मग घंटा होते आणि सगळ्या बायका उठतात, नि मला वाटतं, आत्ताच तर बसले होते.

सयाले : घरी दिसतो असा?

थिडा : घरी? घरी त्याचा चेहरासुद्धा डोळ्यांपुढे येत नाही. घरी मासळी वाळत घालायची असते, आईंची कुरकुर असते, शेजारीण डोकावून विचारते, ‘काही कळलं का गं?’ या सगळ्यात तो बसणार कुठं? इथं जागा आहे. इथं येतो.

सयाले : मग नोंद का करत नाहीस? ‘दिसतंय, दिसतंय.’ हे तर पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

थिडा : केली होती. पहिल्याच दिवशी केली. तुम्ही म्हणालात, जे येईल त्याला नाव द्या आणि परत पोटाकडे या. मी म्हटलं, ‘दिसतंय’. तर आधी त्याचे पाय गेले. मग जाळं गेलं. त्यानं मान वर केली, काहीतरी विचारणार होता बहुतेक, आणि तेवढ्यात चेहरा पण गेला. मागे काय उरलं? माझं पोट! फुगतंय, बसतंय. मला माझं पोट नकोय, सयाले. मी ते घरून घेऊनच आलेय!

सयाले : हे बरीक खरं बोललीस.

थिडा : तेव्हापासून नोंद करत नाही. हाकलून द्या हवं तर.

सयाले : हाकलायला तू बसलेली कुठं आहेस इथं? बरं, एक सांग. डो म्यानं तुला आणलं कशासाठी?

थिडा : नव्या वर्षाच्या सकाळी पुण्य वाटायचंय. ध्यानाचं पुण्य मोठं असतं म्हणे. भिक्षूंना जेवण, त्याची लुंगी दान आणि त्याच्या नावानं पाणी सोडायचं. मेलेल्या माणसाचं सातव्या दिवशी करतात ते सगळं. त्याचं कधी केलंच नाही ना कुणी. मीच करू दिलं नाही.

सयाले : आणि आता?

थिडा : आता हो म्हटलंय. म्हणजे आईंपुढे हो म्हटलंय. पण माझ्या तोंडून नाव यायला हवं, बायकोच्या. आणि ते येणार नाही. बोट बुडताना कुणी पाहिली नाही. सरहद्दीपलीकडे रनाँगच्या बंदरात एकानं त्याला पाहिला म्हणतात, बर्फ फोडताना, पाठमोरा. मी पाणी सोडलं की तो मेला. आज तो मेलेला नाही, सयाले. आज तो नुसता आलेला नाही.

*

डो म्या : अगंबाई, काय ही दशा! गाल बघ कसे ओकेबोके. थानाखाच्या लेपाचं एक बोट लावायचं नाही का इथं?

थिडा : नाही चालत, आई. आठ शीलांचं व्रत घेतलंय, नटायचं नाही. आणि जरा हळू बोला, इथं कुणी बोलत नाही.

डो म्या : मी हळूच बोलतेय. सयाले, मी हळू बोलत नाहीये का?

सयाले : खालच्या रस्त्यावरच्या ढोलापेक्षा हळू आहे.

डो म्या : बघ! आणि त्या ढोलवाल्यांचं नाव काढू नका. फाटकापाशी येते न येते तोच मेल्यांनी बादली उपडी केली डोक्यावर. ‘आजी, पापं धुतली!’ म्हणे. धुतली ती माझी लुंगी. हा ताडगूळ तेवढा पोटाशी धरून वाचवला. दुपारनंतर तुम्ही जेवत नाही, पण गूळ चालतो ना?

सयाले : गूळ चालतो. बसा. थिडा, तो पंचा दे त्यांना, डोकं पुसू देत.

डो म्या : राहू दे गं, वाळेन मी. मी काय, वाळेन. ज्यानं वाळायला हवं तो वाळत नाही.

थिडा : आई, नको ना ते परत.

डो म्या : का नको? सयालेंना सांगायला नको? सयाले, माझा न्यो स्वप्नात येतो. एक दिवसाआड येतो. दारात उभा राहतो, आत येत नाही. अंगावरून पाणी गळतंय, ओठ निळे, दात वाजताहेत. मी म्हणते, ये बाबा, चूल पेटलीय. तर म्हणतो, ‘आई, कोरडं दे काहीतरी नेसायला.’ एवढंच म्हणतो. मी उठते ती शोधत सुटते. आणि त्याच्या लुंग्या या बाईनं पेटीत कुलूप घालून ठेवल्यात!

थिडा : त्या त्याच्या आहेत.

डो म्या : मग त्याला दे ना! त्याच्याच नावानं दे! दान दिल्याशिवाय ती पोचणार कशी त्याला? कुडकुडतोय गं माझा मुलगा.

थिडा : कुडकुडत नाहीये तो!

डो म्या : तुला काय माहीत?

थिडा : कोरडा आहे. चांगला कोरडा ठणठणीत आहे. कालच बघितला.

डो म्या : …कालच बघितला?

थिडा : नाही. म्हणजे, तसं नाही, आई.

डो म्या : कुठं बघितलास? थिडा? सयाले, ही काय म्हणतेय?

सयाले : सांग त्यांना. त्यांना सांगायला हवंस तू.

थिडा : ध्यानात. डोळे मिटल्यावर. घराखाली बसलेला असतो, जाळं घेऊन. खरा नाही, आई. म्हणजे, मला माहीत नाही.

डो म्या : बारीक झालाय का?

थिडा : नाही. आहे तसाच आहे. मधेच गालात हसतो.

डो म्या : ती निळी चौकटीची लुंगी नेसलाय?

थिडा : हो.

डो म्या : जेवला होता?

थिडा : विचारलं नाही, आई.

डो म्या : विचारायचं गं. तुला एवढं पण सुचलं नाही. मला दारातून आत येत नाही आणि तुझ्याजवळ बसून असतो. मी जन्म दिला त्याला. मला का नाही दिसत कोरडा? सांगा ना, सयाले. मीच का तेवढी पाण्यात?

सयाले : गूळ खा थोडा. दोघी खा.

डो म्या : मी तर घरात कुणाला दचकवून उठवत नाही. झोपलेल्या माणसाचा जीव फुलपाखरू होऊन हिंडायला गेलेला असतो, हळू हाक मारली तर परत येतो. मी शेजारच्या कुत्र्यालासुद्धा भुंकू देत नाही पहाटे. म्हटलं, त्याचं फुलपाखरू आमच्या वाटेवर असलं, तर बुजायला नको. आणि ते येऊन बसलं हिच्याजवळ.

थिडा : मी बोलावलं नव्हतं, आई.

डो म्या : नसशील बोलावलंस. पण तू सांगितलंही नाहीस. मला इतकंच सांगितलं असतंस, की आई, तो हसतोय. मी दारात उभी राहून रडत होते, नि तू खाली बसून त्याच्याबरोबर जाळं सांधत होतीस. एकाच घरात!

सयाले : डो म्या, परवा सकाळी पाणी सोडायचंय. तोवर हिला एक दिवस द्या माझ्याकडे.

डो म्या : घ्या. मला काय विचारता? नाव घेतलं नाहीस ना पोरी, तर मी तुला घराबाहेर काढणार नाही. कुठं जाशील तू तरी! पण मी मग त्या दारात किती दिवस उभी राहू, एवढं मला सांग. जाते मी. गूळ मुंग्यांपासून सांभाळ.

थिडा : जपून जा. मागच्या वाटेनं जा, तिकडे पोरं नाहीत.

*

सयाले : थांब, उठू नकोस. तुला एक काम सांगते.

थिडा : नोंद करायला सांगू नका. मी करेन, पण आज नको.

सयाले : नको करूस. उद्या गेलीस की त्याला पुसून टाकू नकोस. नावही देऊ नकोस. फक्त बघ. इतके दिवस तू त्याच्याजवळ बसलीस, पण त्याच्याकडे बघितलं नसशील.

थिडा : तेच तर करते!

सयाले : नाही. तू सावलीत बसतेस. छान वाटतं, मलाही वाटेल. उद्या त्याचे हात बघ. जाळं सांधणाऱ्या माणसाचे हात. तुला त्यातलं कळतं, मला कळत नाही.

थिडा : आणि तो गेला तर?

सयाले : गेला तर मला येऊन शिव्या दे. मी ‘ऐकू येतंय, ऐकू येतंय’ म्हणेन.

*

थिडा : सयाले.

सयाले : आज लवकर आलीस. घंटा व्हायचीय अजून.

थिडा : त्याचे हात बघितले.

सयाले : बस. पाणी हवं?

थिडा : नको. सयाले, मी डावखुरी आहे. लग्न होऊन आले तेव्हा मी पहिल्यांदा त्याच्या जाळ्याला हात लावला, तर तो हसत सुटला. म्हणाला, ‘ही कसली उलटी गाठ? यात मासा आला तर त्याला घेरी येईल.’ मी बांधलेली प्रत्येक गाठ तो सोडायचा आणि परत बांधायचा. उजव्यानं. जन्मभर सोडल्या त्यानं माझ्या गाठी. मी मुद्दाम दोन-चार जास्त मारून ठेवायची, तो सोडत बसेल म्हणून. तेवढाच जवळ बसायचा.

सयाले : आणि आज?

थिडा : आज तो डाव्या हातानं गाठ मारत होता. मी म्हटलं, को न्यो, काय करतोयस? उजव्यानं मार. त्यानं मान वर केली नाही. उचलला हात, वळसा, ओढ. सगळं जाळं बघितलं मी, इकडून तिकडे. सगळ्या गाठी उलट्या होत्या, सयाले. एकही त्याची नव्हती. मग अंगठा बघितला. तेलाचा चटका बसल्याची खूण. ती माझी आहे. ही बघा.

सयाले : बघितली.

थिडा : दोन्ही टोकं मीच धरून बसले होते.

सयाले : मग काय केलंस?

थिडा : तुम्ही सांगितलं नव्हतं, पण नाव दिलं. ‘दिसतंय’ नाही म्हटलं. ‘आठवतंय, आठवतंय’ म्हटलं. या वेळी घाईनं गेला नाही तो. कोंबडी गेली, मग पाण्याचा आवाज गेला. तो बसून होता बराच वेळ. मग नव्हता.

सयाले : हं.

थिडा : सयाले, मला फार रडू येतंय. ‘रडतंय, रडतंय’ म्हणू का?

सयाले : नको. आत्ता नुसती रड. हे घे. नाक पूस. माझ्या चीवराला नको, त्याचा गुलाबी रंग जातो.

थिडा : म्हणजे तो मेला का?

सयाले : ते मला माहीत नाही. ते डोळे मिटून कुणालाच कळत नाही. मा ओनला लॉटरीचा आकडा कळत नाही तसंच. तुझ्या खाडीत कोण बसलं होतं, एवढंच आज कळलं.

थिडा : आणि आईंच्या दारात कोण उभा आहे?

सयाले : तुला काय वाटतं?

थिडा : तोही आईंचाच असेल. माझा माझ्या हातांचा होता. त्यांचा… त्यांना समुद्राची भीती वाटते. पहिल्यापासून वाटते. तो लहान असताना त्याला पाण्याजवळ जाऊ द्यायच्या नाहीत. त्यांच्या मनानं तो ओला केला.

सयाले : असेल.

थिडा : माझ्या वाट्याला हसणारा आला आणि त्यांच्या वाट्याला दात वाजणारा. मला कधी त्यांची कीव आली नाही, सयाले. मला वाटायचं, या म्हातारीला घाई झालीय मुलाला मारून टाकायची. त्या रोज उठून कोरडं कापड शोधायच्या आणि मी किल्ली कमरेला लावून बघत बसायची. मला लाज वाटतेय.

सयाले : ती पण नुसती वाटू दे.

थिडा : उद्या नाव घेतलं आणि तो जिवंत असला तर? रनाँगमध्ये बर्फ फोडत असला तर?

सयाले : तर त्याला पुण्य मिळेल. संध्याकाळी रोज आपण सगळ्या दिशांना पुण्य वाटतो ना? त्यात मेलेले किती आणि जिवंत किती, ते कुणी कधी विचारलंय? ज्याला ऐकू गेलं त्यानं ‘साधू’, म्हणजे ‘छान झालं’, म्हणावं आणि घ्यावं. पण लुंगी दान देणं, सातव्या दिवशीचं करणं, ते मेलेल्याचं. ते कर असं मी सांगणार नाही आणि करू नको असंही. मी भज्यांचा विचार करणारी बाई आहे.

थिडा : घंटा झाली.

सयाले : हो. जा, बस जाऊन.

थिडा : आता तिथं कुणी नसेल.

सयाले : पोट असेल. घरून आणलेलं.

*

डो म्या : इकडे ये, खांबाआड. सगळ्या बायका आत गेल्या की मग जाऊ. मला बोलायचंय.

थिडा : मलाही.

डो म्या : आधी मी. मोठी मी आहे. नव्या वर्षाचा दिवस आहे, तोंडातून वाईट काही काढायचं नाही, म्हणून नीट ऐक. मी रात्रभर विचार केला. नकोच घेऊस तू नाव. भिक्षूंना जेवण घालू, सगळ्या पूर्वजांच्या नावानं पाणी सोडू, आणि घरी जाऊ. मोहिंगा करते मी, दुपारी, माशाचा गरम रस्सा नि शेवया. तू किती दिवस धड जेवली नाहीस.

थिडा : आणि तुमचा दरवाजा?

डो म्या : राहीन उभी. सवय झालीय. तुझा हसणारा कशाला घालवू? घरात एकाला तरी तो हसताना दिसू दे.

थिडा : तो गेला, आई.

डो म्या : गेला?

थिडा : माझाच होता तो. माझेच हात होते. मी सांगेन तुम्हाला सगळं, घरी गेल्यावर. खोटं ठेवणार नाही काही.

डो म्या : पोरी. म्हणजे आता तुला काहीच दिसत नाही?

थिडा : कालपासून नाही. खाडी दिसते. पायरी कुरकुरते. खाली जाते, तर जाळं पडलेलं असतं नुसतं.

डो म्या : थांब, तुझे केस बघ कसे झालेत. इकडे कर डोकं. फणी पण आणली नाहीस का गं?

थिडा : आई, ही घ्या.

डो म्या : काय आहे?

थिडा : उघडून बघा.

डो म्या : …ही त्याची आहे. निळी चौकटीची. पण तू तर पेटीला कुलूप लावलं होतंस?

थिडा : पेटीत नव्हतीच ती. मी बसते त्या गादीखाली घडी करून ठेवली होती, आल्यापासून. तिच्यावर बसत होते. जरा दडपलीय. झटकली की नीट होईल.

डो म्या : वास येतोय अजून. समुद्राचा आणि त्या मेल्या विडीचा.

थिडा : तुम्हाला तो ओला दिसतो ना? दुसरं काही मागत नाही ना तो?

डो म्या : नाही. एवढंच मागतो.

थिडा : मग देऊ या. नाव मी घेते.

डो म्या : थिडा, आणि जिवंत असला तर? एक दिवस आला दारात, आणि म्हणाला, ‘माझी लुंगी कुठंय?’

थिडा : तर शिव्या घालेल. घालू दे. मी ऐकेन.

डो म्या : मी पण ऐकेन. जेवायला वाढून मग ऐकेन.

सयाले : दोघी इथं आहात होय! आत भिक्षू येऊन बसले, सगळ्यांचे पाण्याचे पेले भरले, आणि तुमचं खांबाआड गुऱ्हाळ चाललंय. काय ठरलं?

डो म्या : ही नाव घेतेय, सयाले. पाणी मी सोडते. माझा हात थरथरतो, तर मनगट धरशील ना गं?

थिडा : धरीन. डाव्या हातानं धरलं तर चालेल ना, सयाले?

सयाले : धर बाई. आज कुणी सोडून परत बांधणार नाही.

डो म्या : काय म्हणताहेत या?

थिडा : काही नाही, आई. चला. आणि ऐका, आज तो स्वप्नात आला, तर दारातून नीट बघा.

डो म्या : काय बघू?

थिडा : कोरडा आहे का ते. आणि मला लगेच सांगा.

डो म्या : तू झोपली असलीस तर?

थिडा : तर उठवा. पण हळू हाक मारा. मी खाली, खांबांपाशी असेन. वर यायला मला जरा वेळ लागतो.